हाताची पकड आणि मेंदूचा हिशेब

(महाळुंगे येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आपण चालवीत आहात, त्या गुरुजींनी आपल्या हयातीत या परिसरातील मुलांच्या बोटांत प्रथम लेखणी दिली, आणि ती किती दाबून धरावी व किती सैल सोडावी हे त्यांना शिकविले. म्हणून त्यांच्या स्मृतीस अभिवादन करण्यासाठी मी जो विषय निवडला आहे, तो हाताच्या पकडीचा आहे. या निवडीस दुसरेही एक कारण आहे, आणि ते या गावाचे आहे. इंद्रायणी आणि भामा या दोन नद्यांच्या दरम्यानच्या या टापूत, जेथे एका पिढीपूर्वी माणसांचे हात विळ्यावर, खुरप्यावर आणि चाकणच्या बाजारात जाणाऱ्या कांद्याच्या पोत्यांवर राबत होते, तेथे आज तेच हात दुचाकींचे आणि मोटारींचे सुटे भाग उचलतात, तपासतात, बसवितात आणि पुढच्या माणसाकडे सरकवितात. आणि तळेगाव-चाकण रस्त्यावर शिफ्ट सुटताना जो माणसांचा लोंढा बाहेर पडतो, त्यातील प्रत्येकाने त्या दिवसात किती वेळा काही ना काही उचलून खाली ठेवले असेल, याची नोंद त्याच्या स्वतःच्या मनातही नसते.

ती नोंद मनात नसते, पण मेंदूत असते. आणि ती तेथे कशी ठेवली जाते, तिच्या आधारे पुढच्या उचलीचा अंदाज कसा बांधला जातो, याविषयी मला आज आपल्यापुढे काही निवेदन करावयाचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, हाताचे खरे सामर्थ्य जोराच्या प्रमाणात आहे, ते प्रमाण मेंदू ठरवितो, आणि ते ठरविण्यासाठी त्याला बोटांच्या त्वचेकडून अखंड वर्तमान मिळत राहावे लागते. ते वर्तमान बंद पडले, तर हात दुबळा होण्याच्या आधी बेसुमार होतो, आणि त्या बेसुमारपणातच त्याचा नाश ओढवतो.

प्रथम, उचलणे ही क्रिया पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने काय आहे ते पाहू. २०० ग्रॅम वजनाचा एखादा जॉब, म्हणजे धातूचा सुटा भाग, अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून उचलावयाचा आहे असे समजा. पृथ्वी त्याला खाली ओढीत असते, आणि त्या ओढीला विरोध करणारे जे काही आहे ते दोन बोटांची कातडी आणि त्या धातूचा पृष्ठभाग यांमधील घर्षण, एवढेच आहे. हे घर्षण किती मिळेल, हे बोटे किती दाबली आहेत आणि पृष्ठभाग किती खरखरीत आहे या दोन गोष्टींवर अवलंबून असते. घर्षणांक ०.५ असला, तर प्रत्येक बोटाने २०० ग्रॅम वजनाइतका दाब दिला की वस्तू कशीबशी तोलून राहते. त्याच जॉबला तेल किंवा कूलंट लागून घर्षणांक ०.१ वर आला, तर तोच दाब १ किलो वजनाइतका करावा लागतो. वजन तिळमात्र वाढलेले नाही, आणि तरीही बोटांना पाचपट काम पडले. ज्याने तेलकट पत्रा उचलला आहे त्याला हे सांगावयास नको. परंतु त्याच्या बोटांनी हा पाचपटीचा हिशेब कोणाला न विचारता, आणि काम न थांबविता, कसा केला, हे मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कोणालाच नीटसे ठाऊक नव्हते.

त्याचा उलगडा मुख्यतः स्वीडनमध्ये झाला. उमिओ विद्यापीठातील रोलंड योहान्सन आणि योरान वेस्टलिंग या दोघांनी १९८४ साली जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांचे साहित्य पाहिले तर ते एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेतही जुळविता येईल असे वाटते. चिमटीत धरण्याजोगी एक छोटी वस्तू, जिचे वजन २०० पासून ८०० ग्रॅमपर्यंत पाहिजे तसे बदलता येई. तिच्या दोन्ही बाजूंस कधी रेशमी कापड, कधी मऊ लवेचे चामडे, तर कधी पॉलिशपेपर लावलेला. आणि बोटांचा आडवा दाब व वर उचलण्याचा उभा जोर हे दोन्ही निरनिराळे मोजणारी उपकरणे. माणसाने ती वस्तू फक्त उचलावयाची, क्षणभर धरावयाची आणि खाली ठेवावयाची. या साध्या कृतीतून जे निष्पन्न झाले ते असे की, उभा जोर जसजसा वाढतो तसतसा आडवा दाबही त्याच्या बरोबरीने, जणू एकाच हुकमाने, वाढत जातो. पृष्ठभाग रेशमी असला तर दाब जोराच्या मानाने अधिक वेगाने वाढतो, पॉलिशपेपरचा असला तर सावकाश. आणि शेवटी जो दाब स्थिर राहतो, तो वस्तू निसटू नये यासाठी लागणाऱ्या किमान दाबापेक्षा साधारणतः १० ते ४० टक्केच जास्त असतो. निरोगी हात वस्तूला आवळीत नाही. तो थोडीशी शिल्लक हाताशी ठेवतो, आणि तेवढ्यावर निभावून नेतो. अंडे फुटत नाही आणि हातोडी सुटत नाही, ती या काटकसरीमुळे.

ही काटकसर करावयाची तर पृष्ठभागाची खबर क्षणोक्षणी मिळाली पाहिजे. ती देणारे संवेदनाग्राहक आपल्या तळव्याच्या आणि बोटांच्या त्वचेत असतात, आणि त्यांच्याकडून निघणारे स्पर्शाचे मज्जातंतू एकेका हातात सुमारे १७,००० असून त्यांची सर्वांत दाट वस्ती बोटांच्या अग्रांवर आहे. त्यांचे चार प्रकार मानतात. त्यांपैकी माइसनर या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे ग्राहक त्वचेच्या अगदी वरच्या थरात असतात आणि बोटाखाली होणाऱ्या सूक्ष्म घसरणीची वर्दी देतात. पाचिनी या इटालियन शास्त्रज्ञाच्या नावाचे ग्राहक खोलवर असून वस्तूला बसणारा बारीकसा हादरा, कंप, टेबलावरून सुटल्याचा क्षण हे टिपतात. उरलेल्या दोन प्रकारांकडे टिकून राहणारा दाब आणि कातडीचा ताण यांची खबर ठेवण्याचे काम असते. या तंतूंचा संदेश जिवंत, जागृत माणसात प्रत्यक्ष ऐकण्याची युक्ती उप्साला येथे ऑके व्हाल्बो आणि हागबार्थ यांनी १९६० नंतरच्या दशकात काढली. केसासारखी बारीक टंगस्टनची सुई दंडातल्या किंवा हातातल्या मज्जातंतूंच्या जुडीत टोचून एकेका तंतूतील विद्युत्स्पंद टिपावयाचे, अशी ती रीत. आणि तिचे पहिले प्रयोग त्या दोघांनी स्वतःच्याच अंगावर केले, हे आपण आदराने लक्षात ठेवावे असे आहे.

आता येथे एक अडचण उभी राहते, आणि ती या विषयाचे मर्म आहे. बोटांच्या टोकाला झालेल्या स्पर्शाची वार्ता मेंदूच्या बाह्य आवरणापर्यंत पोहोचावयास सेकंदाचे सुमारे २० सहस्रांश लागतात. तेथून हुकूम निघून हाताच्या स्नायूपर्यंत यावयास जवळजवळ तेवढाच वेळ. आणि स्नायू आकसून प्रत्यक्ष दाब वाढावयास आणखी काही. वस्तू जराशी घसरल्यापासून पकड घट्ट होईपर्यंत एकंदर सुमारे ७० सहस्रांश सेकंद जातात. हे आपोआप होणाऱ्या प्रतिसादाचे माप झाले. ‘वस्तू निसटते आहे’ असे मनाला कळून आपण जाणूनबुजून काही करणे, याला याहून पुष्कळ अधिक वेळ लागतो. तेवढ्या ७० सहस्रांशांत सर्वस्वी सुटलेली वस्तू जवळजवळ अडीच सेंटिमीटर खाली गेलेली असते. यावरून असे दिसते की, केवळ घडलेल्या गोष्टीची वार्ता ऐकून मग तजवीज करणारा मेंदू आपल्या कामात नेहमीच उशिरा पोहोचला असता, आणि आपल्या हातून दिवसाकाठी किती भांडी फुटली असती याचा अंदाज करणे कठीण नाही. म्हणून तो वार्तेची वाट पाहत बसत नाही. तो आधीच अंदाज बांधतो, त्या अंदाजाप्रमाणे हुकूम सोडतो, आणि त्वचेकडून येणाऱ्या वार्तेचा उपयोग मुख्यतः आपला अंदाज खरा ठरला की नाही हे पडताळून पाहण्यासाठी करतो.

हे कसे चालते ते जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. बोटे वस्तूला टेकली की सेकंदाच्या दशांशाच्या आत, उभा जोर लागू होण्यापूर्वीच, थोडा आडवा दाब दिला जातो. मग दाब आणि जोर हे दोन्ही हातात हात घालून चढू लागतात. हा चढ प्रथम मंद, मध्ये वेगवान आणि शेवटी पुन्हा मंद असा असतो, आणि ज्या क्षणी वस्तू टेबलावरून सुटेल असा मेंदूचा अंदाज असतो, नेमक्या त्या क्षणापाशी त्याचा वेग शून्यावर येतो. अंदाज बरोबर असला तर वस्तू अलगद वर येते. डबा भरलेला आहे असे समजून आपण रिकामा डबा उचलला, तर वस्तू अपेक्षेपेक्षा लवकर सुटते, पाचिनीच्या ग्राहकांकडून सुटल्याची वर्दी वेळेआधीच येऊन थडकते, आणि मेंदू चालू असलेला चढ तेथल्या तेथे तोडून टाकतो. तोपर्यंत डबा जरा वर उसळलेला असतो, हा अनुभव आपणा सर्वांना आहे. परंतु याच्या उलट प्रकार, म्हणजे हलकी समजलेली वस्तू जड निघणे, हा मला अधिक विचार करावयास लावणारा वाटतो. तेथे त्वचेकडून काही विशेष वर्दी येत नाही. वस्तू जागची हललेली नसते. नवे असे काहीच घडलेले नसते. आणि तरीही मेंदू तत्काळ ओळखतो की काहीतरी चुकले, व लहान लहान पायऱ्यांनी जोर वाढवीत जातो, वस्तू सुटेपर्यंत. एखादा दक्ष मामलेदार जसा हुकूम रवाना करतानाच त्याची पोच अमुक दिवशी यावी असे रोजनाम्यात टिपून ठेवतो, आणि त्या दिवशी पोच आली नाही एवढ्यावरूनच दुसरा स्वार धाडतो, तशी ही व्यवस्था आहे: न आलेली वार्ता हीच येथे वार्ता ठरते, कारण ती केव्हा यावयास हवी हे आधीच ठरलेले असते.

हा अंदाज मेंदू कशावरून बांधतो? प्रामुख्याने मागच्या उचलीवरून. एखादी वस्तू एकदा उचलली की पुढच्या वेळी जोराचा चढ तिच्या वजनाला बेतलेला असतो; त्यासाठी शंभरदा सराव करावा लागत नाही. नेहमीच्या वापरातील वस्तूंच्या बाबतीत तर पहिल्या खेपेसही अंदाज चुकत नाही, कारण तांब्या, हातोडी, दुधाची पिशवी यांची नोंद वर्षानुवर्षे दफ्तरी पडलेली असते. मॉन्ट्रिअल येथील संशोधकांनी २००५ साली दाखविले की, मेंदूच्या प्राथमिक प्रेरक क्षेत्राचे, म्हणजे ज्या पट्ट्यातून हातापायांना हुकूम जातात त्याचे, काम चुंबकीय स्पंदांनी काही वेळ मंदावले, तर नुकत्याच केलेल्या उचलीची ही आठवण बिघडते. त्याच्या पुढच्या क्षेत्राचे काम मंदावले असता, एखाद्या खुणेवरून, उदाहरणार्थ रंगावरून, वजन ओळखण्याची शिकवण बिघडते. म्हणजे स्नायूंना हुकूम देणारी जागा ही केवळ हुकमाची तामिली करणारी नसून, मागील कामाची स्मृतीही तेथेच जपली जाते.

वस्तू उचलून झाली म्हणजे काम संपत नाही. ती हातात घेऊन आपण चालतो, वळतो, जिना चढतो. प्रत्येक हालचालीबरोबर वस्तूची ओढ कमीजास्त होते, आणि पकडही तिच्या बरोबर, मागाहून न येता, कमीजास्त होत राहते. १९९० नंतरच्या दशकात फ्लॅनागन आणि विंग यांनी हे मोजून सिद्ध केले. या पूर्वतजविजीत लघुमस्तिष्काचा, म्हणजे डोक्याच्या मागील बाजूस खाली असलेल्या लहान मेंदूचा, मोठा वाटा आहे. तो बिघडलेल्या रुग्णांच्या हातांत जोर असतो, पण ते वस्तू गरजेपेक्षा फार आवळून धरतात आणि त्यांची पकड हालचालीशी वेळेवर जुळत नाही. ज्यांना घरी पडताळून पाहावयाचे असेल त्यांनी डाव्या तळहातावर पाण्याने भरलेला तांब्या ठेवावा, आणि तो एकदा आपणच उजव्या हाताने उचलावा, एकदा दुसऱ्यास उचलावयास सांगावे. पहिल्या खेपेस तळहात जागचा हलत नाही. दुसऱ्या खेपेस, कितीही सावध राहिले तरी, तो वर उसळतो. आपल्या हाताने आपण काय करणार याची आगाऊ प्रत मेंदू स्वतःजवळ ठेवतो; दुसऱ्याच्या हाताची ती त्याच्याजवळ नसते. दोघांनी मिळून जड पेटी उचलताना ‘उचल’ असा पुकारा करण्याची जी पद्धत आहे, ती मला या दृष्टीने अत्यंत शहाणपणाची वाटते.

हाताचे ज्ञान आणि मनाचे ज्ञान हे एकच नव्हेत, याचाही एक पुरावा येथेच नमूद करतो. सारख्याच वजनाच्या एक लहान आणि एक मोठी अशा दोन पेट्या उचलल्या तर लहान पेटी जड भासते. शार्पांतिए या फ्रेंच वैद्यकाने हा भ्रम १८९१ साली वर्णिला. पहिल्या काही खेपांस बोटेही फसतात आणि मोठ्या पेटीला जास्त जोर लावतात. परंतु २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे आढळले की, थोड्याच उचलींनंतर बोटांचा जोर दोन्ही पेट्यांना अगदी सारखा आणि अचूक होतो, मन मात्र लहान पेटीच जड आहे असे सांगत राहते. हात शिकला, आणि मन शिकले नाही.

लहान मुलांत ही विद्या उपजत नसते. वर्षादीड वर्षाचे मूल प्रथम वस्तू दाबते, पुष्कळदा तिला खालीच रेटते, आणि मग उचलते; दाब आणि जोर यांची जोडी त्याच्यात अद्याप जमलेली नसते. ती हळूहळू जमते, सहा ते आठ वर्षांच्या सुमारास बरीचशी प्रौढांसारखी होते, आणि तिच्यावरचे बारीक संस्कार कुमारवयापर्यंत चालू राहतात. पहिलीदुसरीतल्या मुलाची शिसपेन्सिल वारंवार मोडते आणि कागद फाटतो, तेव्हा त्याला धसमुसळा म्हणून रागे भरणाऱ्या पालकांनी आणि शिक्षकांनी एवढे ध्यानात घ्यावे, की त्याच्या मेंदूत एक अतिशय गुंतागुंतीचे खाते अजून उघडले जात आहे.

आणि ते खाते मोठे आहे. जॉन नेपियर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १९५६ साली हाताच्या पकडीचे जे दोन प्रकार सांगितले, मुठीची बलाची पकड आणि चिमटीची नेमकेपणाची पकड, त्यांपैकी चिमटीची पकड करताना मेंदूच्या दोन्ही अर्धांतील प्रेरक आणि संवेदनक्षेत्रांच्या आसपासचे विस्तृत भाग कार्यरत होतात, मुठीच्या पकडीत मात्र त्यांचे कार्य कमी असते, असे २००० साली मेंदूच्या प्रतिमांवरून दिसून आले. घण मारण्यापेक्षा बारीक नट आट्यावर अलगद चढविणे हे मेंदूला अधिक श्रमाचे आहे. असेंब्ली लाइनवर नाजूक काम करणाऱ्या स्त्रियांच्या श्रमाला ‘हलके काम’ म्हणण्याची जी रूढी आपल्याकडे पडली आहे, ती शरीरशास्त्राच्या दृष्टीने निराधार आहे, असे मी येथे स्पष्ट सांगू इच्छितो.

आतापर्यंत निरोगी हाताची कथा झाली. आता त्वचेकडून येणारी वार्ता बंद पडली तर काय होते, ते पाहावयाचे आहे. आणि यासाठी आपल्याला स्वीडनला जावयाचे कारण नाही. या प्रश्नाचे सर्वांत मोठे आणि सर्वांत दुःखद प्रकरण आपल्या देशातच घडलेले आहे. ते कुष्ठरोगाचे.

कुष्ठरोगाचे जंतू हाताच्या मज्जातंतूंवर, विशेषतः कोपरामागून जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जुडीवर, हल्ला करतात; त्यामुळे करंगळी व अनामिका आकसून पंज्याला नखरासारखा आकार येतो आणि त्वचा बधिर होते. अशा रुग्णांची बोटे झिजत जाऊन नाहीशी होतात, हे शतकानुशतके लोक पाहत आले, आणि रोगाने मांस सडते म्हणून बोटे झडतात असेच सर्वांनी, वैद्यांनीसुद्धा, गृहीत धरले होते. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले शल्यवैद्य डॉ. पॉल ब्रँड यांनी हे गृहीत तपासून पाहिले. त्यांनीच लिहून ठेवलेला एक प्रसंग प्रसिद्ध आहे: एका गंजलेल्या कुलपात किल्ली फिरविण्याचा प्रयत्न करून ते स्वतः थकले, तेव्हा एका लहान कुष्ठरोगी मुलाने ती किल्ली हाती घेतली आणि एका झटक्यात फिरविली. त्या अशक्त मुलात एवढे बळ कोठून आले म्हणून त्यांनी त्याचा हात पाहिला, तो किल्लीने त्याचे बोट हाडापर्यंत कापलेले होते, आणि मुलाला त्याचा पत्ताही नव्हता. बोटे रोगाने झडत नव्हती. ती रोजच्या कामात, वाजवीहून अधिक दाबामुळे, भाजल्यामुळे, कापल्यामुळे, आणि जखम झाल्यावरही तेच बोट तसेच वापरीत राहिल्यामुळे नष्ट होत होती.

बोटांना बधिर करणारे औषध टोचून निरोगी माणसांवर पुढे जे प्रयोग झाले, त्यांत हेच मोजून पाहावयास मिळाले. बधिर बोटे गरजेपेक्षा पुष्कळ अधिक दाबतात, गुळगुळीत आणि खरखरीत पृष्ठभागांतला फरक त्यांना कळत नाही, आणि एवढे आवळूनही वस्तू कित्येकदा निसटतेच. शिल्लक किती ठेवावी हे सांगणारा कोणी उरला नाही, म्हणजे मेंदू भीतीपोटी सर्वच उधळतो.

महाराष्ट्राने कुष्ठरुग्णांच्या सेवेच्या कार्यात जो वाटा उचलला त्याचा उल्लेख अभिमानाने केला पाहिजे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठधाम सुरू केले, अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारले. बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन करून वरोऱ्याजवळ आनंदवन वसविले, आणि ज्या हातांत समाज भिक्षापात्राखेरीज काही पाहू शकत नव्हता त्या हातांत कुदळ आणि हातमाग दिला. शस्त्रक्रियेच्या बाजूने, येथून फार दूर नसलेल्या पुण्याच्या कोंढव्यातील कुष्ठरुग्णालयात डॉ. जाल मेहता आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नामवंत झालेले प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंतिया यांनी आकसलेले हात पुन्हा कामास लावण्याचे कार्य केले. ही शस्त्रक्रिया मेंदूच्या दृष्टीने विलक्षण आहे. एका चांगल्या स्नायूची दोरी सोडवून ती निकामी झालेल्या बोटाच्या कामी जोडतात. ज्या दोरीने अनामिका वाकत होती ती आता अंगठा फिरविते. शस्त्रक्रियेनंतर प्रथम रुग्णाला अनामिका वाकविण्याचा विचार करावयास सांगतात, आणि अंगठा हलतो. काही आठवड्यांच्या सरावाने मेंदू जुना हुकूम नव्या ठिकाणी पाठवावयास शिकतो, आणि मग अंगठ्यासाठी अंगठ्याचाच विचार पुरेसा होतो.

पण या शस्त्रक्रियेने चलनवलन परत मिळते, स्पर्श नाही. म्हणून बळ परत आलेला बधिर हात हा पूर्वीपेक्षाही जपावा लागतो, आणि त्वचा जे सांगत नाही ते डोळ्यांनी पाहावयास, भांड्यांना लाकडी मुठी लावावयास, आणि रोज संध्याकाळी तळहात निरखावयास रुग्णाला शिकवावे लागते. ब्रँड यांनी पुढे अमेरिकेत दाबाची सूचना देणारे उपकरण बसविलेले हातमोजे तयार करून पाहिले. परंतु सूचना मिळूनही माणसे ती टाळून हातातले काम तसेच पुढे रेटीत, आणि तो प्रयत्न त्यांना सोडून द्यावा लागला. स्पर्श आणि वेदना यांची जागा दुसऱ्या कशाने भरून काढणे किती अवघड आहे, याचा यापेक्षा प्रामाणिक दाखला मला ठाऊक नाही.

याचा आपल्या रोजच्या कामाशी संबंध काय, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल, तर तो योग्यच आहे. संबंध निकटचा आहे. जाड हातमोजा कापण्यापासून वाचवितो आणि तो घातलाच पाहिजे. परंतु तो त्वचेकडे जाणारी खबरही अडवितो, म्हणून हात नकळत अधिक दाबतो आणि शिफ्टच्या अखेरीस मनगट व दंड भरून येतात. यास्तव कामाला बेताचा, बोटांना घट्ट बसणारा आणि तेलात न घसरणारा मोजा देणे ही चैन नव्हे, ती गरज आहे. ग्राइंडरसारखी थरथरणारी हत्यारे वर्षानुवर्षे धरणाऱ्यांच्या बोटांतील तंतू आणि रक्तवाहिन्या बिघडतात. संवेदना मंदावली की पकड आणखी घट्ट होते, पकड घट्ट झाली की थरथर आणखी आत पोहोचते, आणि हे चक्र स्वतःहून थांबत नाही. मनगटाच्या अरुंद मार्गातून जाणारी मज्जातंतूंची जुडी दाबली गेली, की अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येतात, बहुधा रात्री, आणि दिवसा हातातून वस्तू सुटू लागतात. हे दुखणे तेच तेच काम करणाऱ्यांत, मधुमेहींत आणि गरोदर स्त्रियांत विशेष आढळते. वयोमानानेही त्वचा कोरडी आणि ग्राहक विरळ होतात. थोडासा घाम पकडीस उपकारकच असतो, आणि वृद्ध माणसे पेला जरा अधिक दाबून धरतात ती त्वचा कोरडी व ग्राहक विरळ झाल्यामुळेच.

या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांत वेल्डिंग करणारे यांत्रिक हात आहेत, आणि ते अथक काम करतात. ते एकच आकाराची वस्तू, एकाच जागी, ठरलेल्या दाबाने धरतात. पेटीत वेडीवाकडी पडलेली, कधी तेलकट आणि कधी कोरडी वस्तू उचलणे त्यांना आजही माणसाच्या बोटांइतके साधलेले नाही. ज्या कामाला अजून माणूस लागतो, त्यातले पुष्कळसे काम या १७,००० तंतूंच्या जोरावर चाललेले आहे.

म्हणून शेवटी माझी एक विनंती आहे, आणि ती कामगारांना तशीच कारखान्यांच्या व्यवस्थापकांनाही आहे. दरवर्षी आपल्याकडे डोळे, रक्तदाब आणि कान तपासले जातात. त्याच रांगेत बोटांची संवेदनाही तपासली जावी. त्याला महागडे यंत्र लागत नाही: कुष्ठरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात साध्या बॉलपेनच्या टोकाने, डोळे मिटून बसलेल्या माणसाच्या तळव्याला ठिकठिकाणी हलकेच स्पर्श करून, तो कोठे झाला हे विचारतात, आणि एवढ्यावर धोक्याची पहिली खूण सापडते. बोट बधिर वाटले, मुंग्या आठवड्यापेक्षा अधिक राहिल्या, अंगावर न दुखणारा, न जाणवणारा फिकट चट्टा दिसला, किंवा जखम झाल्याचे रक्त पाहूनच कळले, तर दुखत नाही म्हणून घरी बसू नये. कुष्ठरोगाचे औषध सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते आणि सहा महिने ते एक वर्ष घेतल्याने रोग बरा होतो. मज्जातंतूंवरची सूज वेळीच, म्हणजे पहिल्या काही महिन्यांत, उपचारात आली तर गेलेली संवेदना पुष्कळदा परत येते, आणि मनगटातील दाबही लवकर सोडविला तर हात पूर्ववत होतो. उशीर झाला तर ती परत येत नाही. आज घरी गेल्यावर आपण स्वतःची आणि घरातील वडीलधाऱ्यांची बोटे या रीतीने एकदा पाहावीत, आणि काही वेगळे आढळल्यास या आठवड्यातच डॉक्टरांकडे जावे, एवढीच माझी आपणांस प्रार्थना आहे.